सहावी टेकडी

१

मंगळवारी सकाळी साडेसातला, कामरगावच्या दोन खोल्यांच्या रेशीम संशोधन केंद्रात, चाळीस नर माश्यांनी एका काळ्या मण्याकडे पाठ फिरवली आणि उमेराच्या पायाखालची जमीन सरकली.

माशीने पाठ फिरवली यात एवढं काय, असं कोणीही विचारेल. गावानेही विचारलंच होतं. वाशीमच्या शेख मास्तरांची मुलगी उमेरा रसायनशास्त्रात डॉक्टर होते आणि माश्या पाळायला आपल्या गावात येते, हे पचायला गावाला थोडा वेळ लागला. पण ही माशी साधी नव्हे, उझी माशी. रेशमाच्या अळीच्या अंगावर ती अंडं घालते. त्यातून निघालेला किडा अळीला आतून खातो, आणि कोष झालाच तर त्याला भोक पाडून बाहेर येतो. भोक पडलेल्या कोषातून धागा सलग निघत नाही. गावात तुतीच्या पाल्यावर अळ्या पाळणारी अकरा घरं होती, आणि अकराही घरांनी या माशीच्या नावाने बोटं मोडली होती.

या माशीची मादी नराला बोलावते ती अंगाच्या वासाने. तो वास बाटलीत धरायचा, सापळ्याला लावायचा, म्हणजे नर सापळ्यात अडकतील आणि माश्यांची पुढची पिढी खुंटेल, असा उमेराचा बेत होता. त्यासाठी चौदा महिने ती माद्या हेक्झेनमध्ये धूत होती. हेक्झेन हा पेट्रोलसारखा उडून जाणारा पातळ द्रव, तो माशीच्या अंगावरचा वास उतरवून घेतो. चार हजार माद्यांचा अर्क अंगठ्याएवढ्या एका शिशीत मावला होता. शनिवारी त्याचा एक थेंब मादीएवढ्या काळ्या मण्याला लावला, तेव्हा याच नरांनी मण्याला मिठ्या मारल्या होत्या. दोघे तर त्यावरून भांडले होते.

आज नर मण्याजवळ आले, घुटमळले आणि पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले.

गुरुवारी वरच्या ऑफिसातून डॉ. अमरसिंग येणार होते. त्यांच्यासमोर सापळ्यात नर आले तर केंद्र आणखी तीन वर्षं चालणार होतं, नाही आले तर कुलूप. मधे फक्त बुधवार होता.

उमेराने शिशी उजेडात धरली. द्रव भरायच्या खुणेपर्यंत बरोबर होता. चिठ्ठीवर अक्षर तिचंच, फक्त कागद जरा सुरकुतलेला. आणि तळाशी, तिने कधीच न पाहिलेली, पांढरी बारीक पूड बसली होती.

चिठ्ठी तिची होती. आत जे होतं ते तिचं नव्हतं.

२

अशा वेळी पोलिसांत जाऊन काय सांगणार? माशीचा वास चोरीला गेला? उमेराने अमीनाबीला फोन केला.

अमीनाबी ही तिची फुफी, म्हणजे आत्या. कारंज्याच्या एका मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेची परिचर म्हणून तिने एकतीस वर्षं काढली होती. कोणत्या मुलीने बेसिनमध्ये ॲसिड ओतलं हे ती ओढणीवरच्या भोकांवरून सांगायची, आणि मुलगी रडायला लागली की तिलाच चहा पाजायची. निवृत्त झाल्यावर ती उमेराच्या सोबतीला कामरगावात येऊन राहिली होती आणि भाचीच्या दोन वेळच्या जेवणापलीकडे तिला काही उद्योग उरला नव्हता. फोन ऐकून ती अर्ध्या घासावरून उठली.

ती पोचली तेव्हा उमेराने शिशीतला थेंब यंत्रात सोडलेला होता. एका कॉलेजने टाकून दिलेला तो जुना गॅस क्रोमॅटोग्राफ अर्कातला एकेक घटक वेगळा करायचा आणि कागदावर प्रत्येकाची एक टेकडी काढायचा. उमेराच्या अर्काच्या टेकड्या पाच. गेल्या चौदा महिन्यांत त्या कधी चार झाल्या नव्हत्या की सहा.

आज कागदावर सहा टेकड्या होत्या.

"हे सहावी कोनाची?" अमीनाबीने चष्मा वर सारत विचारलं.

उमेराने फाइल उघडून दुसरा कागद पुढे ठेवला. तो नर माश्यांचा होता. त्यावर चार टेकड्या होत्या, आणि त्यातली सर्वांत मोठी नेमकी या सहावीच्या जागेवर होती.

"नराच्या अंगावरचं हाय हे, फुफी. कोनीतरी माया अर्कात नरायचा अर्क मिसळून दिला. मुद्दाम! म्हनून तं नर पळून राह्यले." उमेराने कागदावर बोट आपटलं. "आन हे असं कराची अक्कल गावात एकाच मानसाले हाय."

तो माणूस म्हणजे पवन, केंद्राचा सहायक. अमीनाबीने त्याचं नाव ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. ती दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीशी गेली.

"मिसळला म्हनतं, मंग तुह्या पाच टेकड्या एवढ्या बुटक्या काहून झाल्या? शनिवारच्या कागदावर पाय, ह्या पार माथ्याले लागल्या. इथं त्याच्या विसाव्या हिश्शाच्या बी नाहीत."

उमेराने पट्टी लावून मोजलं. चार हजारांचा विसावा हिस्सा म्हणजे दोनशे. फुफीचं म्हणणं खरं होतं.

"बेटा, तुहा अर्क यात नाहीच," अमीनाबी म्हणाली. "कोनीतरी दोनशेक माश्या धरून नवा अर्क काढला हाय."

३

उमेरा शनिवारी संध्याकाळी मामेबहीण नमराच्या मंगनीसाठी रिसोडला गेली होती आणि सोमवारी दिवेलागणीला परतली होती. मधल्या दोन दिवसांत केंद्रात तिघे आले होते. पवनकडे किल्लीच होती. बसस्टँडवर रेशमाच्या सामानाचं दुकान असलेला रज्जाक रविवारी खिडकीची जाळी बदलायला आला होता. आणि रुख्मिणीबाई रोज झाडायला यायची. घरी तिच्या स्वतःच्या अळ्या होत्या, तिचं शेड केंद्रापासून हाकेच्या अंतरावर.

अमीनाबीने आधी त्या पांढऱ्या पुडीचा समाचार घेतला. शाळा सुटली तरी तिची एक छोटी बाटली सुटली नव्हती, फिनॉल्फथॅलिनची, चुन्यासारखा अल्कली भेटला की गुलाबी होणाऱ्या औषधाची. पूड गाळून, वाळवून तिने बशीत पाण्याचा थेंब टाकला आणि वरून बाटलीतला एक थेंब. बशी गुलाबी झाली.

"चुना," ती म्हणाली. "तुह्या पिंजऱ्यात चुना असते का?"

"नाही. चुना शेडात असते. अळ्यायच्या अंगावर भुरभुरतात, रोग येऊ नये म्हनून."

"मंग ह्या माश्या शेडाच्या हायेत, पिंजऱ्याच्या नाही."

चुना म्हटल्यावर उमेराला दुसरं नाव सुचायला वेळ लागला नाही. गावात चुन्याची पोती विकणारा एकच, आणि माशी अडवायची नायलॉनची जाळी विकणाराही तोच. सापळा यशस्वी झाला तर त्याची जाळी पडून राहणार. पवनवरचा राग उचलून तिने तसाच्या तसा रज्जाकच्या डोक्यावर ठेवला आणि फुफीला घेऊन दुकान गाठलं.

रज्जाकने दोघींना स्टुलं दिली, चहा सांगितला आणि उमेराचे आडवळणाचे चार प्रश्न ऐकून घेतल्यावर हसला.

"मॅडम, तुमच्या मनात काय हाय ते मले समजते. सापळा आला तं रज्जाकची जाळी कोन घेईन, असंच ना?"

उमेराने स्टूल जरा मागे सरकवलं.

"तुमी गावात याच्या आधी रेशीम बंद पडाची पाळी आलती. त्या रेशीमवाल्या धरमसिंगनं तं तुती उपटाले मानसं बी सांगून ठेवलती. तवा जाळी बी कोनी घेत नव्हतं आन चुना बी नाही. तुमी आल्या, घरोघर फिरल्या, म्हनून लोकायनं पुन्हा अळ्या धरल्या. अळी जगते म्हनून माहं दुकान जगते. तुमचं वाईट मी कायले करू?" मग त्याला काही आठवलं. "आन एक गंमत सांगतो. काल मी धरमसिंगच्या शेडावर जाळी बदलाले गेलतो. आठ दिवसापह्यले जाळी माश्यायनं काळी पडलती. काल एक माशी नाही! तुमी सापळा लावून बी टाकला का काय?"

उमेराला वाटलं, गडी विषय बदलतोय. अमीनाबीने मात्र चहा खाली ठेवला.

"एक बी नाही?"

"तिकडच्या चारी शेडाच्या जाळ्या साफ. कोनी वेचून नेल्यासारख्या."

४

पवन केंद्रातच होता. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि मग ड्रॉवरमधून एक कागद काढून उमेरासमोर ठेवला. अमरावतीला बदली मिळावी म्हणून केलेला अर्ज होता.

"मॅडम, तुमाले कुठूनतरी समजलंच असतं, म्हनून मीच दाखवतो. आईचं तिथं डायलिसिस चालू हाय. केंद्र बंद झालं तं माही बदली लवकर होईन, हे बी खरं. पन मी तुमची शिशी बिघडवली नाही."

"कायवरून?" उमेराने विचारलं. ती विचारते आहे हे तिचं तिलाच आवडत नव्हतं.

"मले बिघडवाचं असतं तं मी नुसतं हेक्झेन भरलं असतं. दोन मिनिटाचं काम. तुमी म्हनल्या असत्या, अर्क जुना झाला, वास उडाला. कोनाचंच नाव आलं नसतं. दोनशे माश्या धराच्या, थंड कराच्या, धुवाच्या, गाळाच्या... बिघडवाले एवढी मेहनत कोन करते, मॅडम?"

अमीनाबीने मान हलवली. शाळेत एखाद्या मुलीने न विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं की ती अशीच मान हलवायची.

बाहेर झाडूचा आवाज आला. रुख्मिणीबाई अंगण झाडत होती. खरं तर ती सकाळीच येऊन, झाडून गेलेली. आज दुसऱ्यांदा कशाला आली, हा प्रश्न उमेराला पडला नाही, अमीनाबीला पडला.

"रुख्मिणीबाई, बोटाले काय झालं वं?"

रुख्मिणीने उजवा हात पदराखाली घेतला. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींना हळदीच्या चिंध्या बांधलेल्या होत्या.

"विळा लागला. तुतीच्या फांद्या कापताना."

"दुखत असीन."

"नाही जी, लहानसं हाय." मग ती उमेराकडे न पाहता, झाडूच्या मुठीकडे पाहत म्हणाली, "मॅडम, गुरुवारी साहेब येतीन ना? शिशीतलं ते पानी बरोबर काम करते ना आता?"

उमेराला भरून आलं. आपल्या कामाची इतकी काळजी या बाईने करावी! "होईन, रुख्मिणीबाई. तुमी नका टेन्शन घेऊ," असं काहीतरी ती बोलली. रुख्मिणीने ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरचा ताण तसाच राहिला. ती निघून गेली.

अमीनाबीने पायात चपला सरकवल्या.

"चल घरी," ती म्हणाली. "मले चोर सापडला. पन तो चोर नाही."

५

घरी आल्यावर अमीनाबीने आधी भाकरी टाकायला घेतल्या. उमेरा ओट्याशी उभी राहून तळमळत होती. फुफीला घाई करून उपयोग नसतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"विळा कोन्या हातात धरतात?" अमीनाबीने पीठ थापत विचारलं.

"उजव्या."

"मंग तो कोन्या हाताले लागते?"

उमेराने हवेत विळा धरून पाहिला. फांदी धरायची डाव्या हाताने. विळा लागला तर डावाच हात कापायला हवा.

"उजव्या हाताचा अंगठा आन बोट कवा कापते, सांगू? काचेचे तुकडे वेचताना. एकतीस साल मी तेच वेचले. आन शिशी बिघडली हे आपन तिले सांगतलंच नाही, तरी ते 'आता' काम करते का म्हनून काहून पुसून राह्यली? तुही शिशी फुटली, बेटा. हे दुसरी हाय. चिठ्ठी तेवढी जुन्या शिशीची, सोडवून चिकटवली, म्हनून सुरकुतली."

उमेराला पटेना. "रुख्मिणीबाई? फुफी, त्या बाईच्या अळ्यायवर ह्या माशीनं दोनदा पानी फिरवलं. सापळा झाला तं सगळ्यात पह्यला फायदा तिचा."

"म्हनून तं तिनं दोन दिवस माश्या धरल्या! पवन बरोबर बोलला. बिघडवाले एवढी मेहनत कोनी करत नाही. एवढी मेहनत मानूस भरून द्याले करते." तव्यावरची भाकरी टम्म फुगली. "रज्जाकच्या जाळीवरच्या माश्या कोनं नेल्या, ते समजलं ना आता?"

"पन सहावी टेकडी? तिनं नर कायले मिसळले?"

"ते तुही विद्या. तूच सांग."

उमेराने डोळे मिटले. नरांच्या कागदावर चार टेकड्या होत्या आणि शिशीत त्यातली एकच होती. नर धुतले असते तर चारही आल्या असत्या. म्हणजे नर धुतलेच नव्हते. मग नराच्या अंगावरची एकच वस्तू मादीच्या अंगावर कशी आली?

आणि मग तिला कळलं. ती मोठ्याने हसली आणि हसता हसता रडली.

"फुफी, जाळीवर कोनती माशी येते? अंडं घालाले आलेली. म्हनजे नराशी भेट झालेली! नर तिच्या अंगावर आपला वास सोडून जाते, दुसऱ्यानं जवळ येऊ नये म्हनून. माया अर्काले कोऱ्या माद्या लागतात, नर न भेटलेल्या. मी माशीची एकेक कोशित, म्हनजे माशी निघाच्या आधीचा तिचा कोष, काचेच्या नळीत ठेवतो आन पहाटे पाचले माशी निघाली की लगेच उचलतो. पवनले हे ठाऊक हाय, त्यानं हे चूक केलीच नसती. रुख्मिणीबाईनं मले माश्या धुताना पाह्यलं. पन माद्या निवडताना कवाच पाह्यलं नाही, ते येते नऊले." ती थांबली. "आन मी तिले सांगतलं बी नाही. चौदा मैने ते माया खोलीत झाडून राह्यली आन मी तिले एका शब्दानं सांगतलं नाही."

भाकरी थंड होत होती. बुधवार उजाडायला अजून एक रात्र होती, आणि शिशीत साहेबांना दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

६

रुख्मिणीच्या शेडात शिरण्याआधी चपला काढून पाय चुन्यात बुडवावे लागतात आणि अंगाला अत्तर, डोक्याला वासाचं तेल चालत नाही. अळीला वास सोसत नाही. अमीनाबीने बुधवारी सकाळी सवयीने लावलेलं अत्तर साबणाने दोनदा धुतलं, तेव्हा कुठे ती दाराशी आली.

रुख्मिणी पाला टाकत होती. दोघींना पाहिलं आणि तिच्या हातातली टोपली खाली आली.

"समजलं का तुमाले?"

"समजलं," उमेरा म्हणाली.

"साहेब येनार म्हनून रविवारी फ्रिज आतून पुसाले घेतला. शिशी हातातून सटकली." रुख्मिणीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "मॅडम, तुमी आल्या त्या पह्यल्या मैन्यात माया शेडात तीन दिवस मांडी घालून बसल्या, एकेक किडा वेचला. त्या पिकावर माही पोरगी वैजयंती नर्सिंगले गेली. तुमच्या चौदा मैन्याचं काम मी एका हातानं सांडलं. कोन्या तोंडानं सांगू? म्हनलं, तुमी रिसोडहून याच्या आत भरून ठेवू. चारी शेडायच्या जाळीवरच्या धरल्या. दोनशे बारा भरल्या. तुमी करता तसंच केलं, फ्रिजात थंड्या केल्या, त्या पान्यात धा मिनिट बुडवल्या, गाळलं."

"आन मादीच हाय हे कसं समजलं?" उमेराने विचारलं.

"घ्या!" रडता रडताही रुख्मिणीला प्रश्न बावळट वाटला. "अंडं घालाले नर कायले येईन?"

तिच्या हिशेबात चूक कुठेच नव्हती. रेशीमवाल्या बाईला मादी ठाऊक होती ती अळीचा जीव घ्यायला आलेली. त्याआधीची माशी तिने कधी पाहिलीच नव्हती. उमेराने पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले, हळदीच्या चिंध्यांसकट.

"रुख्मिणीबाई, माह्यासाठी आजवर कोनी एवढं केलं नव्हतं. आन चूक तुमची नाही, माही हाय. मी तुमाले शिकवलं नाही."

अमीनाबीला मात्र एक प्रश्न अजून विचारायचा होता.

"सांडलं ते कायनं पुसलं वं?"

"फडक्यानं."

"आन फडकं? धुतलं?"

रुख्मिणी मान खाली घालून आत गेली आणि फळीवरून स्टीलचा एक डबा घेऊन आली. झाकण गच्च लावलेलं होतं.

"धुवाले घेतलतं. पन हात धजला नाही. एवढं काम होतं त्यात, नालीत कसं सोडू?"

हेक्झेन उडून जातो, माशीच्या अंगाचं वास धरणारं तेल फडक्यात मागे राहतं. उमेराने डबा छातीशी धरला आणि चपला न घालता केंद्राकडे पळत सुटली.

७

फडक्याचा बोटभर तुकडा पिंजऱ्यात ठेवला, आणि कालचे ते चाळीस रुसलेले नर एकमेकांच्या डोक्यावरून त्याच्यावर येऊन पडले. पवनने टाळी वाजवली. आईला भेटायला निघण्यासाठी दुपारची गाडी त्याला धरायची होती, ती त्याने सोडून दिली. संध्याकाळपर्यंत दोघांनी ते फडकं तीनदा हेक्झेनमध्ये भिजवलं, गाळलं, आटवलं. रज्जाकने दुकान बंद करून तीन सापळ्यांच्या चौकटी ठोकून दिल्या. उमेराने त्याची माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "अजी, शक तं घरच्यावरच येते पह्यले," आणि खिळे मागितले. यंत्राच्या कागदावर पाच टेकड्या उभ्या राहिल्या, जवळजवळ पूर्वीएवढ्या उंच. बाजूला फिनाईलची एक लहानशी टेकडी होती, तिच्याकडे नरांनी दुर्लक्ष केलं.

गुरुवारी डॉ. अमरसिंग आले. मोजक्या शब्दांचा, कोरड्या चेहऱ्याचा माणूस. तुतीच्या कडेने तीन सापळे होते: एक उमेराच्या अर्काचा, एक नुसत्या हेक्झेनचा आणि एक रुख्मिणीच्या शिशीचा. तिसरा लावायचं उमेराने रात्री ठरवलं होतं. सकाळी दहा ते एक साहेब उन्हात स्टुलावर बसले आणि मग स्वतः मोजायला उठले. पहिल्यात सत्तेचाळीस नर. दुसऱ्यात, चुकून आलेले, पाच. तिसऱ्यात एकही नाही.

"हे तिसरं तुमच्या प्रस्तावात नव्हतं," ते म्हणाले. "भेट झालेल्या मादीचा वास नराला दूर ठेवतो, हे यामुळे उघड दिसतं. पहिल्या सापळ्यावर शंका घ्यायला जागाच राहत नाही. कोणाची कल्पना ही?"

उमेराने तोंड उघडण्याआधीच मागून आवाज आला.

"कल्पना नाही जी, साहेब. माया हातून मॅडमची शिशी फुटली. म्हनून मी हे केली. चुकली."

अकरा घरांची माणसं बांधावर उभी होती. सगळे रुख्मिणीकडे पाहायला लागले. तिने पदर डोक्यावर घेतला, पण नजर खाली घेतली नाही. उमेरा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"किती माश्या धरल्या?" साहेबांनी विचारलं.

"दोनशे बारा."

"हातानं?"

"मंग कायनं?"

अमरसिंग साहेबांच्या चेहऱ्यावरचा कोरडेपणा पहिल्यांदाच हलला. त्यांनी वही उघडली, बराच वेळ लिहिलं आणि उमेराकडे दिली. केंद्र तीन वर्षं चालू ठेवण्याची शिफारस होती. खाली आणखी एक ओळ होती: माद्या निवडण्याच्या कामावर श्रीमती रुख्मिणी यांना घ्यावं, झाडण्याच्या कामाला दुसरी व्यवस्था करावी.

उमेराने ती ओळ मोठ्याने वाचली. बांधावर एकच गलका झाला. अमीनाबीने चष्मा काढून पुसला आणि परत घालायला विसरली. रुख्मिणीला मात्र काय करावं सुचेना. तिने ऊन कुठवर आलं ते पाहिलं.

"एक वाजून गेला, मॅडम. मी जातो. अळ्या उपाशी असतीन, दुपारचा पाला टाकाचा हाय."

"थांबा, मी येतो," उमेरा म्हणाली.

"तुमी? साहेब बसले ना इथं."

"साहेबाले फुफी जेवू घालते. मले आज तुमच्या घरचं काम करू द्या, रुख्मिणीबाई. मले तुमाले काही द्याचं हाय आन दुसरं काही सुचून नाही राह्यलं."

रुख्मिणीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती पुढे चालू लागली, आणि उमेरा तिच्या मागून. शेडाच्या दाराशी दोघींनी चपला काढल्या, चुन्यात पाय बुडवले. आत गेल्यावर रुख्मिणीने पाल्याने भरलेली टोपली उचलून तिच्या हातात दिली.

"तिकडून सुरू करा," ती म्हणाली. "आन पान ओलं नाही ना, तेवढं पाहून टाका."